न्यूयॉर्कमध्ये हरणं आणि गोचिडांचा बंदोबस्त कसा करतात?

न्यूयॉर्क शहराचाच भाग असलेल्या स्टेटन आयलंड या बेटाचं सांगतो. शहरात शिकारीला बंदी, म्हणून २०१६ पासून तिथे चक्क नर हरणांची नसबंदी चालू झाली! भूल द्यायची, शस्त्रक्रिया करायची, कानाला बिल्ला लावून सोडायचं. बहुतेक सगळे नर हाती लागले तरच उपयोग; चार-दोन सुटले की सगळ्या माद्यांना तेच पुरेसे असतात. त्यात शेजारच्या न्यू जर्सी राज्यातून हरणं पोहत येतात.

पण लाइम आजाराचे (गोचीड चावल्याने माणसाला होणारा आजार) जंतू गोचिडांना मिळतात ते मुख्यतः उंदरांकडून. हरीण म्हणजे पूर्ण वाढलेल्या गोचिडांची खानावळ. त्यामुळे हरणं घटली म्हणून आजार लगेच घटेलच असं नाही. रानवाटेवरून आलात की अंग तपासा, चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने सरळ वर ओढा. २४ तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका बराच कमी.