सगळ्यांचे हात वर, मग जिन्यात कुजबुज का?

प्रश्न : गोरेगावात आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरच्या नावाला झाडून सगळ्यांनी हात वर केले. नंतर जिन्यात चौघांनी मला गाठून सांगितलं, ‘आम्हालाही पटलेलं नाही.’ मागे एका काकांनी विरोध केला, तर त्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं, सत्यनारायणालाही बोलावलं नाही. माणसं इतकी भित्री असतात?

उत्तर : भित्री म्हणू नका. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना रेघा दाखवल्या. नमुन्याच्या रेघेएवढी तिघींतली कोणती, एवढंच सांगायचं. एकट्याने सांगताना शंभरात एखादी चूक व्हायची. पण आधीच्या सगळ्यांनी (ते अ‍ॅशनेच पढवलेले) ठरवून चुकीची रेघ सांगितली, की साधारण एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे जायची. तिथे ना दंड, ना पार्किंगची भानगड! तुमच्याकडे तर काकांचे हाल सगळ्यांनी पाहिलेत. अशा शिक्षेने मत बदलत नाही, फक्त तोंड बंद होतं. मग चौघांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपणच एकटे.

पढवलेला एकच असला तर मुलं फारशी बधत नव्हती, दोघांनी थोडी डळमळायची, तिघे झाले की दाब जवळजवळ पुरा. पुढे माणसं वाढवून विशेष फरक पडला नाही. म्हणजे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार लागोपाठ बोलले की सभा आटोपली म्हणा. उलट एकानेही वेगळं उत्तर दिलं, की चुकीच्या रेघेमागे जाणं आधीच्या चौथ्या हिश्शावर यायचं. त्या एकाचं उत्तर बरोबर असण्याचीही गरज नव्हती! तेव्हा पुढच्या सभेत ‘माझा विरोध’ म्हणून उभं राहायलाच हवं असं नाही. ‘कॉर्पसचा (बिल्डर सभासदांना देणार त्या रकमेचा) आकडा लेखी कुठे आहे?’ एवढं लवकर विचारा. कमिटीचं बोलून झाल्यावर विचारलंत तर निम्मा उपयोग गेला.

चर्चेआधी चिठ्ठ्यांवर कौल घ्या. एकसारखे कागद, एकसारखी पेनं, फ्लॅट नंबर नाही, आणि पर्याय तीन : होय, नाही, आणखी माहिती हवी. हा तिसरा पर्याय गाळू नका, कुंपणावरचे तिथेच सापडतात. घोळ होतो तो दोन ठिकाणी. कमिटीचा माणूस पेटीशी उभा राहतो, किंवा मोजणी विंगवार होते. सहा फ्लॅटच्या विंगेत एक ‘नाही’ निघाला की तो कोणाचा हे संध्याकाळपर्यंत वॉचमनलाही कळतं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मिसळूनच मोजा. अधिकृत ठराव अर्थात नियमांप्रमाणेच होईल.

प्रश्न : काकांचं प्रकरण सामाजिक बहिष्कार कायद्यात बसतं का?

उत्तर : अवघड आहे. महाराष्ट्राचा हा कायदा २०१६चा, लागू झाला २०१७मध्ये. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यातला ‘समाज’ म्हणजे धर्म, पंथ, जात, पोटजात. सोसायटीचे सभासद एवढ्या नात्याने तो लागत नाही. मात्र सभेची नोटीस फक्त ग्रुपवर टाकली आणि काकांना दिलीच नाही, तर उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा. सोबत त्या मेसेजचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडा.