शंका-समाधान : टिंब सुटतं तेव्हा

प्रश्न : ताई, निफाडजवळ माझी ३ एकर द्राक्षबाग आहे. २१ वर्षांचा अनुभव. छाटणी आणि डाऊनी, भुरी या रोगांवर फेसबुकवर लिहितो. परवा एकाने सुनावलं, "याला 'पीक' लिहिता येत नाही, याचा सल्ला काय ऐकायचा?" मी 'पिक' लिहिलं होतं. शेतीच्या माहितीत व्याकरण कशाला बघायचं?

उत्तर : भाऊ, त्याचं बोलणं उर्मट होतं. एका वेलांटीवरून २१ वर्षांचा अनुभव मोडीत निघत नाही. तरीही तुम्ही 'पीक'च लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

मी २६ वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. एकदा फवारणीच्या पत्रकात बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचं, प्रमाण '.५ टक्के' असं होतं. अक्षरजुळणीत टिंब उडालं, '५ टक्के' राहिलं आणि माझ्या नजरेतून ते सुटलं. गठ्ठे बांधताना एका कामगाराने ओळखलं, कारण त्याच्या घरी बाग होती. ५ टक्के म्हणजे १०० लिटर पाण्यात ५ किलो मोरचूद! कोवळी फूट करपून गेली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमचा वाचक इथेच अडतो. तुम्ही सांगितलेली मात्रा बरोबर आहे का, हे त्याला फवारल्याशिवाय कळणार नाही, आणि बाग तर त्याची आहे. 'पिक' मात्र त्याला लगेच दिसतं. मग मनात येतं, यांनी लिहिलेलं पुन्हा वाचलेलं दिसत नाही, आकडे तरी वाचले असतील का?

दुरुस्ती अवघड नाही. 'पीक' एकटं असताना दीर्घ. त्याचं 'पिकाला' झालं की ऱ्हस्व. तसंच कीड–किडीचा, मूळ–मुळांना, ऊस–उसाला. १९६२च्या लेखननियमांत हे आहे, पण नियम पाठ करत बसू नका. मोठ्याने म्हणून बघा, 'पी' कुठे लांबतो ते कान सांगतो. 'पीकविमा' मात्र दीर्घच, तो जोडशब्द आहे.

तुम्ही 'बागंला पाणी तोडलं' असं लिहिता, ते अजिबात बदलू नका. ती चूक नाही, तुमची बोली आहे. शेजारच्या गावचा बागायतदार त्या एका वाक्यावरून ओळखतो की हा माणूस बागेत उभा राहून बोलतोय. ते पुस्तकी केलंत, तर उलट विश्वास कमी होईल.

आकडे मात्र टाकण्याआधी घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. टिंबाआधी शून्य लिहा, '०.५ टक्के'. आणि शेजारीच लिहा, '१०० लिटरला ५०० ग्रॅम मोरचूद'. मग टिंब उडालं तरी वाचणारा थांबेल आणि तुम्हाला फोन करून विचारेल.