वाचकांचे प्रश्न : जुनं वर्कस्टेशन आणि खारी हवा

कंपन्यांच्या भाडेकरारातून सुटलेले डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक आणि लेनोवो थिंकपॅड पी मालिकेतले वर्कस्टेशन, म्हणजे जड कामासाठी बनवलेले लॅपटॉप, नव्याच्या तुलनेत बरेच स्वस्त मिळतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : घरांचे आराखडे रेव्हिटमध्ये करतो आणि बागांचं ड्रोन सर्वेक्षणही घेतो. एका उड्डाणाचे तीनचारशे फोटो जोडायचे असतात. दोन यंत्रं समोर आहेत. एक थिंकपॅड पी५२ (आय७-८८५०एच, क्वाड्रो पी२०००, ३२ जीबी रॅम), दुसरं प्रिसिजन ७५४० (आय७-९८५०एच, क्वाड्रो आरटीएक्स ३०००, १६ जीबी रॅम). दुसरं थोडं महाग आहे आणि त्यात रॅमही कमी. कोणतं घ्यावं? — स्थापत्य अभियंता, रत्नागिरी

दुसरं घ्या. या यंत्रांत प्रोसेसर मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो, तो बदलता येत नाही. ग्राफिक्स कार्ड बदलणंही बहुतेक १५ इंची मॉडेलांत परवडण्यासारखं नसतं. रॅम, एसएसडी, बॅटरी आणि बऱ्याच मॉडेलांत वाय-फाय कार्ड मात्र पुढे सवडीने बदलता येतं. म्हणून पैसा आधी न बदलणाऱ्या भागांवर घालावा. १६ जीबी रॅम ही उणीव एका संध्याकाळी भरून निघते.

तुमच्या निवडीत खरा फरक ग्राफिक्सचाच आहे. पी२००० हे पास्कल पिढीचं ४ जीबीचं कार्ड. एनव्हिडियाने पास्कलसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा ठरवली आहे आणि ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करून घेणाऱ्या तिच्या ‘कूडा’ या प्रणालीच्या १३व्या आवृत्तीत पास्कलला जागा नाही. ड्रोनचे फोटो जोडणारी सॉफ्टवेअरं कूडावर बरीच विसंबतात, त्यामुळे त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांत हे कार्ड आज ना उद्या अडणार. आरटीएक्स ३००० पास्कलनंतरच्या ट्युरिंग पिढीचं, ६ जीबीचं. प्रोसेसरमध्ये विशेष अंतर नाही. दोन्ही सहा कोअरचे, टर्बो वेग ४.३ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. रेव्हिटचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, तिथे हा फरक हाताला जाणवणारही नाही. रेव्हिटला ३२ जीबी रॅम पुरते, फोटो जोडायला ६४ ठेवा. इंटेलच्या झिऑन प्रोसेसरसाठी जास्त पैसे देऊ नका. या कामांत त्याच्या ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) रॅमचा उपयोग नाही.

इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीच्या (८८५०एच त्यातलाच) खाली मात्र कोणीच जाऊ नये. थोडे अपवाद सोडले तर सातव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

प्रश्न : तारकर्लीत पाण्याखाली घेतलेल्या चित्रणाचं संकलन करते. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन यंत्र घेणार आहे. दुकानात तासभर मिळेल. काय काय तपासू? — एक वाचक, मालवण

तास पुरतो, फक्त क्रम चुकवू नका. एका पेन ड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फो, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि सिनेबेंच ही तपासणीची सॉफ्टवेअरं घरूनच घेऊन जा.

यंत्र थंड आणि बंद असताना हातात घ्या. दुकानदाराने आधीच चालू करून ठेवलं असेल तर बंद करायला सांगा. मग बायोस (विंडोजच्या आधी चालणारं, यंत्राच्या मूळ सेटिंगचं पान) उघडा. सुरू करताना दाबायची कळ: डेलला एफ२, लेनोवोला एफ१, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला तर तिथेच नमस्कार करून निघा. लेनोवोचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीच्या लेखी उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. आत गेल्यावर सुरक्षेच्या पानावर अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस हे चोरीविरोधी कुलूप ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसत नाही ना, ते बघा. बायोसमधला सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग तळाच्या स्टिकरशी जुळतो का, तेही पाहा. डेल आणि लेनोवोच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की यंत्र कारखान्यातून काय काय घेऊन निघालं होतं ते दिसतं. मूळ पी१००० ग्राफिक्स असलेल्या यंत्रावर पी३२००चं स्टिकर असेल तर तिथेच कळेल.

त्यानंतर यंत्राची स्वतःची तपासणी चालवा. डेलला सुरू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं, एचपीला एफ२. ती चालू असताना बिजागऱ्या हलवून बघा, स्क्रू मोजा, तळपट फुगलंय का आणि टचपॅड वर आलंय का ते पाहा. ही दोन्ही फुगलेल्या बॅटरीची लक्षणं.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी मिळतात. पी५२ची बॅटरी मूळची ९० वॉट-अवर. ती ५५वर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून मागा. एसएसडीचं आरोग्य क्रिस्टलडिस्कइन्फोत बघा. ते ८० टक्क्यांच्या खाली असेल तर ती डिस्क तात्पुरती समजा.

आता चार्जर लावून पंधरा मिनिटं सिनेबेंच सतत चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोत प्रोसेसरचा वेग बघत राहा. तापमान थोडा वेळ ९५ अंशांवर गेलं तर घाबरू नका, या प्रोसेसरांची मर्यादाच १०० आहे. वेग मूळ आकड्याच्या खाली घसरला, म्हणजे ८८५०एच २.६ गिगाहर्ट्झच्या खाली राहू लागला, तर प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे किंवा पंखा थकला आहे. पेस्ट स्वस्तात होते, पंख्याचा खडखड आवाज असेल तर तो बदलावाच लागतो.

शेवटी प्रत्येक पोर्ट. टाइप-सी सगळे तपासा, त्यातून मॉनिटरला चित्र जातं का तेही. २०१७ ते २०१९च्या बऱ्याच थिंकपॅडांत थंडरबोल्टच्या (टाइप-सीमधून जाणाऱ्या वेगवान जोडणीच्या) फर्मवेअरमधल्या दोषाने हे पोर्ट बंद पडत. लेनोवोने दुरुस्ती दिली, पण ती न घातलेली यंत्रं अजून असू शकतात.

तुमच्या कामासाठी स्क्रीन महत्त्वाची. एकाच मॉडेलमध्ये फुल एचडीचे दोन दर्जे असतात: ४५ टक्के आणि ७२ टक्के एनटीएससी (पडदा किती रंग दाखवू शकतो त्याचं माप). ४५ टक्केवाल्यावर समुद्राचा निळा आणि हिरवा नीट वेगळा दिसणार नाही. तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये (रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात) नोंदवत असेल तर अकराव्या पिढीचं प्रिसिजन ७५६० शोधा, त्याच्या इंटेल ग्राफिक्समध्ये तो प्रकार उलगडायची सोय आहे. साध्या ४:२:०ला आधीच्या पिढ्या पुरतात.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. परतताना यंत्र गाडीत हातातल्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : पाण्यात भिजलेलं किंवा समुद्राच्या हवेने खाल्लेलं यंत्र वरून ओळखता येतं का? — एक वाचक, चिपळूण

येतं. २२ जुलै २०२१चा वाशिष्ठीचा पूर पाहिलेल्या गावातून हा प्रश्न यावा हे साहजिक आहे. टॉर्च घेऊन यूएसबी आणि एचडीएमआयच्या खोबणीत बघा. पुराचा गाळ बारीक, मातकट असतो आणि तो कोपऱ्यात, स्पीकरच्या जाळीत, बटणांच्या खाली चिकटून राहतो. बाहेरून पुसला तरी तिथला निघत नाही. पोर्टच्या आतल्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट कळंक किंवा काळे ठिपके दिसले की यंत्र खाली ठेवा.

खाऱ्या हवेची खूण वेगळी असते. तळाच्या स्क्रूंची डोकी तांबूस होतात, आणि हवा बाहेर पडते तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते. नुसते स्क्रू गंजले असतील तर तळपट उघडायला सांगा. आत बोर्ड स्वच्छ आणि तांब्याच्या नळ्या चकचकीत असतील तर घ्यायला हरकत नाही, स्क्रू दहा मिनिटांत बदलतात. रॅमच्या खाचेत, बॅटरीच्या जोडाजवळ किंवा कीबोर्डच्या पट्टीवर कळंक असेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको. मीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे झीज पावसाळ्यागणिक पुढे सरकते. आज चालणारं यंत्र पुढच्या श्रावणात अचानक चालू होत नाही, आणि तेव्हा नेमकं कुठे तुटलं हे शोधणंही कठीण असतं.

प्रश्न : प्रिसिजन ७५३० घेतलं. रॅम वाढवली तर पडदा काळाच राहिला, म्हणून जुनी परत लावली. नवी एसएसडी टाकली तर विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. — विद्यार्थी, कुडाळ

दोन्ही वस्तू बहुधा चांगल्या आहेत. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना यंत्र नव्या मोड्युलांची ओळख करून घेतं, तेव्हा पडदा मिनिटभर किंवा जास्तही काळा राहतो. पाच मिनिटं थांबा, मधेच पॉवर बटण दाबू नका. तरीही काही आलं नाही तर एकेक मोड्युल लावून बघा.

७५३०ला रॅमच्या चार खाचा आहेत: दोन तळपटाखाली, दोन कीबोर्डाखाली. डीडीआर४, २६६६ची साधी सोडिम (लॅपटॉपची छोटी रॅम पट्टी) घ्या. स्वस्त मिळाली तरी ईसीसी मोड्युलं आय७मध्ये घालू नका. दोनच मोड्युलं असतील तर ती दोन वेगळ्या चॅनेलांत बसायला हवीत. कोणत्या खाचा, ते डेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘ड्युअल’ दिसलं की जमलं. काम सुरू करण्याआधी चार्जर काढा, बॅटरीचा जोड सोडवा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा.

एसएसडी न दिसण्याचं कारण बायोसमध्ये आहे. या यंत्रांत ‘साटा ऑपरेशन’ बहुधा ‘रेड ऑन’वर ठेवलेलं असतं, आणि इंटेलच्या ड्रायव्हरशिवाय इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही. ते ‘एएचसीआय’ करा, मग विंडोज टाका. विंडोज टाकून झाल्यावर हा बदल करायचा नाही, नाहीतर सुरू होताना निळा पडदा येतो. जुन्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

एसएसडी पीसीआयई ३.० (डिस्कच्या जोडणीची आवृत्ती) चीच घ्या. दहाव्या पिढीपर्यंत वेग सेकंदाला ३५०० मेगाबाइटच्या आसपास अडतो, ४.०साठी दिलेले जास्तीचे पैसे इथे वाया जातात. जुन्या डिस्कवरची धातूची पट्टी जपून नव्या डिस्कवर लावा. तिच्यावाचून डिस्क नीट बसत नाही आणि तापतेही.

प्रश्न : चार्जर लावला की लॅपटॉपच्या कडेला हात लागताच मुंग्या येतात. शिवाय ‘अ‍ॅडॅप्टर ओळखता येत नाही’ असा संदेश येतो आणि यंत्र अगदी मंद होतं. — एक वाचक, गुहागर

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

मुंग्या अर्थिंगच्या. चार्जरमधल्या फिल्टरची गळती अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवी. अर्थ नसेल तर लॅपटॉपचं धातूचं अंग विजेच्या तरंगत्या दाबावर (व्होल्टेजवर) राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण त्याच स्थितीत टीव्ही किंवा मॉनिटरची एचडीएमआय केबल जोडली तर पोर्ट जळू शकतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या जोडणीत घालत असाल तर ते आजच बंद करा. तीन पिनांत घालूनही मुंग्या येत असतील तर घराचा अर्थ पाहावा लागेल. आपल्याकडच्या जांभ्यात पाणी टिकत नाही, फेब्रुवारीनंतर खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, आणि पट्टी किंवा पाइप गंजून तुटला नाही ना, ते उकरून बघा. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब पाचेक व्होल्टच्या आत असावा.

संदेश चार्जरच्या पिनचा. डेलच्या जाड गोल पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून यंत्र चार्जरची ताकद विचारतं. सुई वाकली, तुटली किंवा नकली चार्जरमध्ये ती सोयच नसली तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर एक गिगाहर्ट्झच्या खाली बांधला जातो. दुसऱ्या अस्सल चार्जरने ताडून पाहा. त्यानेही तेच झालं तर लॅपटॉपमधला चार्जिंगचा जॅक बदला, तो सहसा स्वतंत्र तारेवर असतो. आणि वॉट बघून घ्या: मोठ्या ग्राफिक्सच्या ७५३०-७५४०ला २४० वॉट लागतात, १८०च्या चार्जरवर जड कामात यंत्र मंदावतं.

प्रश्न : पेस्ट घरी बदलता येईल का? — एक वाचक, दापोली

येईल, हात स्थिर असेल तर. हीटसिंकच्या (चिपची उष्णता खेचणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ क्रमांक छापलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा सैल करत जा. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. या प्रोसेसरांना वर झाकण नसतं, उघड्या चिपच्या पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर बसला पाहिजे, नुसता मधे थेंब टाकून भागत नाही. पातळ पेस्ट उघड्या चिपवरून गरम-थंड होताना हळूहळू कडेला सरकते. म्हणून हनीवेलचं पीटीएम७९५० हे पॅड आम्ही जास्त पसंत करतो. ते ४५ अंशांच्या सुमारास मऊ होऊन स्वतःच बसतं.

बहुतेकांचं काम बिघडतं ते मेमरीवरच्या थर्मल पॅडांत. ०.५च्या जागी १ मिलिमीटरचं पॅड लावलं तर हीटसिंक चिपवरून उचललं जातं आणि तापमान आधीपेक्षा वाढतं. जुनी पॅड फाटली नसतील तर तीच ठेवा. पंखा फुंकून साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा उलटा वेगाने फिरून बेअरिंग जातं.

प्रश्न : फॉरमॅट करून वाय-फाय जोडलं तर एका अनोळखी कंपनीचं लॉगिन मागतं. विंडोज पुन्हा टाकून काही होईल का? — एक वाचक, वेंगुर्ला

नाही. ही ऑटोपायलटची (कंपनीची यंत्रं तिच्या खात्याशी बांधणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची) नोंदणी मदरबोर्डाशी बांधलेली असते, डिस्क बदलूनही ती जात नाही. जुनी मालक कंपनीच ती काढू शकते. बिल आणि सिरियल नंबर घेऊन विक्रेत्याकडे जा आणि नोंद काढून द्या किंवा पैसे परत करा, असं सांगा. इतर वाचकांनी विकत घेतानाच यंत्र रिसेट करून, इंटरनेट जोडून, पहिल्या सेटअपच्या पडद्यापर्यंत न्यावं.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने यंत्र वापरणार नाही. कसं ठेवू? — एक वाचक, देवगड

शक्य असेल तर दर आठवड्याला तासभर चालवा. आतली ऊब ओलावा घालवते. नाहीच जमलं तर बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून यंत्र पूर्ण बंद करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ती कधी भाजून कोरडी करायची ते कळतं. कापडी किंवा चामड्याच्या बॅगेत ठेवू नका, बुरशी आधी तिथेच धरते.