दादाने बाबांना नेलं, आता कोर्ट कुठलं?

न्यू जर्सीत मी ज्येष्ठांच्या कुटुंबांचं समुपदेशन करते. ती आली तेव्हा तिने पर्समधून कालनिर्णयची दोन पानं काढली. डिसेंबरात १० तारखेभोवती निळा गोल, जूनमध्ये १० भोवती लाल.

"ताई, सहा महिने झाले की बाबा कॅलिफोर्नियाचे होतात म्हणे. त्याआधी जाऊन त्यांना घेऊन येऊ का?"

बाबांना स्मृतिभ्रंश. बारा वर्षं ते तिच्याकडे एडिसनला होते. थंडी सरेपर्यंत म्हणून दादाने १० डिसेंबरला त्यांना कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नेलं आणि एप्रिलमध्ये तिथल्या कोर्टात काँझर्व्हेटरशिपसाठी अर्ज केला. त्या शब्दानेच ती निम्मी घाबरली होती. मोठ्या माणसाच्या ज्या पालकत्वाला आपल्याकडे न्यू जर्सीत गार्डियनशिप म्हणतात, त्यालाच तिथे हे नाव आहे.

मुलं दोन राज्यांत पांगलेल्या घरांत ही धास्ती मी नेहमी पाहते. २००७ साली सगळ्या राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला. न्यू जर्सीने तो २०१२ मध्ये घेतला, कॅलिफोर्नियात तो १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अर्जाच्या दिवसापासून मागे सलग सहा महिने माणूस जिथे राहत होता, ते त्याचं 'होम स्टेट', आणि केस आधी तिथल्या कोर्टाची. तात्पुरतं बाहेर गेल्याचे दिवसही त्यातच धरतात. कायमचं हलवलं असं मानलं, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज आला तर जुनं राज्यच होम स्टेट राहतं. एप्रिलमध्ये चारच महिने झाले होते. मोजणी तिथेच थांबली. लाल गोलाला आता काही अर्थ नव्हता.

पण गप्प बसणं धोक्याचं होतं. होम स्टेटमध्ये कुणी अर्ज केला नाही, कुणी हरकत घेतली नाही, तर माणसाचा पुरेसा संबंध असलेलं दुसरं राज्यही, तिथल्या न्यायाधीशांना योग्य वाटलं तर, नेमणूक करू शकतं. कोर्टाची नोटीस नऊ दिवस तिच्या पर्समध्ये पडून होती. रागाने तिने ती फोडलीच नव्हती! त्याच दुपारी मी तिला वकिलाकडे पाठवलं.

बाबांना उचलून आणू नकोस, हेही निक्षून सांगितलं. गैरमार्गाने ओढून आणलेली केस कोर्ट नाकारू शकतं. आणि दर महिन्याला घर बदललं की अशा माणसाला रात्री बाथरूमही सापडत नाही.

शुद्धीत असताना बाबांनी टिकाऊ, म्हणजे भान हरपल्यावरही चालणारं, मुख्त्यारपत्र आणि वैद्यकीय निर्णयांचा कागद केला असता, तर बहुधा कोर्टाची पायरीच चढावी लागली नसती. तो केलेला नव्हता.

दोन्ही न्यायाधीश एकमेकांशी बोलले. कायदा तशी मुभा देतो. केस न्यू जर्सीत आली. डॉक्टरांचे दोन दाखले झाले, बाबांसाठी कोर्टाने स्वतंत्र वकील दिला, आणि गार्डियन म्हणून तिची नेमणूक झाली. बाबा एडिसनला परतले.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली. तिची रात्रपाळी, घरात जिना. दादा मात्र घरूनच काम करतो. या वेळी तिनेच केस तिकडे हलवायला अर्ज केला. आधी न्यू जर्सीचा तात्पुरता आदेश, मग कॅलिफोर्नियाची तात्पुरती स्वीकृती, शेवटी दोन्हीकडचे अंतिम आदेश. बाबांची असमर्थता पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागली नाही.

बाबांना अजून मराठी वाचता येतं. निघायच्या आदल्या रात्री तिने गोळ्यांच्या डब्यावरचे इंग्रजी वार खरवडले आणि प्रत्येक कप्प्यावर मोठ्या अक्षरात सोमवार, मंगळवार लिहून डबा दादाच्या बॅगेत ठेवला.