पाच जणांचं तिकीट आणि कार्ल्सरूहचे शनिवार-रविवार

नाशिकचा मुलगा आहेस, ऑक्टोबरमध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला मास्टर्सला येतोयस, आणि बरोबर येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तापासूनच "दोन वर्षांत पंधरा देश" अशी यादी फिरतेय. वीकेंडला फिरणं झेपतं का, पैसे किती जातात आणि जायचं कुणाबरोबर, असं विचारलंयस. ताई म्हणून हाक मारलीस म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी २०१६ ते २०१८ तिथेच होते, आता स्टुटगार्टला नोकरी करते आणि त्याच टोळक्यातल्या तिघांबरोबर अजूनही फिरते.

पहिली गोष्ट, ती यादी बाजूला ठेव. आमच्यातल्या नागपूरकराने खोलीत नकाशा लावला होता, देश झाला की पिन. त्यातली लक्झेंबर्गची पिन म्हणजे रात्री बस बदलायला थांबलो ती चाळीस मिनिटं, आणि त्यातली वीस बाथरूम शोधण्यात गेली. तो अजून म्हणतो मी लक्झेंबर्ग केलंय. केलं बाबा.

आमच्या वेळी 'शोनेस वोखेनएंडे' म्हणून एक तिकीट होतं, अर्थच 'सुंदर वीकेंड', १९९५ पासून चालू होतं, २०१९ मध्ये बंद झालं. एका तिकिटावर पाच जण, शनिवार किंवा रविवार यातला एक दिवस, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत, अख्ख्या जर्मनीत कुठेही, पण फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांनी, जलद गाडीत चढायचं नाही. पाचवा माणूस मिळाला की प्रत्येकाचा वाटा उतरायचा, त्यामुळे शुक्रवारी रात्री आमची पाचवा शोधायची पळापळ चालायची. केरळची आमची मैत्रीण अशीच आली, मेसमध्ये रांगेत पुढे उभी होती, सांगलीकराने सरळ विचारलं, उद्या फ्रायबुर्गला येतेस का, एक जागा आहे. नावसुद्धा माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी माझ्या थिसिसच्या वेळी महिनाभर तिच्याच हातचं जेवले.

आता तुमच्याकडे डॉइचलांड टिकेट आहे, म्हणजे देशभरच्या लोकल आणि रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास. १ मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२६ च्या जानेवारीपासून महिन्याला ६३ झालंय. विद्यार्थ्यांना सवलतीचा पर्याय असतो, युनिव्हर्सिटीत गेल्या गेल्या आधी तेच विचार, आणि बंद करायचं झालं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. सोय उत्तमच आहे, पण ते ज्याचं त्याचं तिकीट, कुणाची कुणाला गरज नाही. आमची माणसं तिकिटाने जमवून दिली, तुझी तुला जमवावी लागतील. (आई-बाबा आले की मात्र राज्याचं तिकीट बघ, बाडेन-वुर्टेम्बेर्गचं, त्यावर अजूनही पाच जण जाता येतं, आठवड्यात सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी दिवसभर. नावं लिहायला विसरू नका.)

कुठे जायचं? माझं सरळ मत, पहिलं वर्षभर तीन तासांच्या आतलं. कार्ल्सरूहइतकी सोयीची जागा दुसरी नाही. तास-सव्वा तासात केल हे सीमेवरचं गाव, आणि केलच्या पलीकडे ऱ्हाइन नदी ओलांडली की फ्रान्स, स्ट्रासबुर्ग. एप्रिल २०१७ पासून तर केलपर्यंत ट्राम येते, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नदीवरच्या पादचारी पुलावरून चालत गेलो होतो आणि मधोमध उभं राहून एक पाय इकडे एक पाय तिकडे असले फोटो काढले होते, आता बघवत नाहीत.

स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलला मनोरा एकच, दुसरा बांधलाच नाही. तरी १४२ मीटर, १६४७ ते १८७४ जगातली सगळ्यात उंच इमारत हीच होती. आत एक मोठं खगोलीय घड्याळ आहे, दुपारी साडेबाराला त्यातून येशूचे बाराही शिष्य एकामागून एक पुढे सरकतात आणि वरचा कोंबडा आरवतो. आम्ही ते बघायलाच निघालो होतो. पण जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते, आणि आमच्या कोल्हापूरकराने अकरा बाटल्या पाठीवर आणल्या होत्या. सीमेपलीकडे त्यांचं कुणी काही देत नाही, रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी केललाच टाकायच्या असा त्याचा हट्ट. मशीनपुढे ही रांग, त्यात एक बाटली चेपलेली, मशीन घेईना, हा तोंडाने फुंकून तिला सरळ करतोय. पावणेतीन युरो मिळाले. कॅथेड्रलला पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. त्या दिवसापासून त्याचं नाव पावणेतीनचा कोंबडा, आणि त्याच्या लग्नाच्या अहेराच्या पाकिटावरही आम्ही तेच लिहिलं.

डिसेंबरात तिथला ख्रिसमसचा बाजार बघच, १५७० पासून भरतो, फक्त शनिवारी नको, पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी लेक्चर नसेल तर तेव्हा उरक.

दुसरं कॉन्स्टान्झ, स्वित्झर्लंडच्या सीमेवरचं तळ्याकाठचं गाव. कार्ल्सरूहहून ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररानातून थेट गाडी जाते, तीनेक तास. आपला बोरघाट १८६३ चा, हा रेल्वेमार्ग १८७३ ला पूर्ण झाला, आणि ट्रीबर्गच्या आसपास गाडी अशी वळसे घेत चढते की मगाशी ज्या रुळावरून आलो तोच खाली दिसतो, खंडाळ्याला खिडकीसाठी भांडलेल्या कुठल्याही माणसाला इथे परत भांडावंसं वाटणार. कॉन्स्टान्झला तळ्याकाठी चालत चालत कधी स्वित्झर्लंडमध्ये शिरलो कळत नाही, कुंपण काढून तिथे शिल्पं उभी केलीत. तुला कळत नाही पण फोनला कळतं बरं का! जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, पण स्वित्झर्लंड त्यात नाही, आणि फोन काठावर बसल्याबसल्या पलीकडचं नेटवर्क पकडतो. सांगलीकराने तिथून घरी व्हिडिओ कॉल लावून आजीला तळं दाखवलं. पुढच्या महिन्याचं बिल आमच्या पाच जणांच्या दोन दिवसांच्या खर्चापेक्षा जास्त. उतरायच्या आधीच डेटा रोमिंग बंद कर.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. तुझ्या जर्मन रहिवासी कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं, कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही अंगावर हवेत, फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने सगळ्याच सीमांवर तपासणी सुरू केली, तेव्हा स्ट्रासबुर्गला फक्त जेवायला गेलास तरी घेऊन जा. ज्या व्हिसावर येशील तो संपला आणि कार्ड हातात आलेलं नाही अशा मधल्या दिवसांत सीमा ओलांडूच नको. इंग्लंड-आयर्लंडला वेगळा व्हिसा लागतो, ते वीकेंडच्या हिशोबात धरू नको. आणि २६ पूर्ण व्हायच्या आत पॅरिस करून घे, युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या १८ ते २५ वयाच्यांना लूव्र संग्रहालय फुकट आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी, रहिवासी कार्ड दाखवायचं. कार्ल्सरूहहून थेट गाडीने अडीच तास लागतात.

विमानाच्या वीस युरोच्या तिकिटाला भुलू नको. नावात फ्रांकफुर्ट असतं आणि हानचा विमानतळ तिथून १२० किलोमीटर, पॅरिसचा बोव्हे ८५ च्या आसपास. जायची-यायची बस धर, बॅग दोन बोटं मोठी निघाली तर तिचे धर, आणि पहाटे सहाच्या विमानासाठी विमानतळाच्या फरशीवर काढलेली रात्र धर. शिवाय आपल्या पासपोर्टवाल्यांना काही कंपन्यांमध्ये ऑनलाइन चेक-इन झालं तरी काउंटरवर जाऊन कागद तपासल्याचा शिक्का घ्यावा लागतो. आम्ही नाही घेतला. गेटवरून परत पाठवलं, पाचही जण पूर्ण टर्मिनल उलटं पळालो, विमान मिळालं पण केरळवालीची एक चप्पल तिथेच राहिली.

आता माणसांचं. चार-पाचपेक्षा जास्त नको, आठ झाले की दोन गट पडतात आणि जेवायचं कुठे यावर तास जातो. शाकाहारी कोण, पिणारे कोण, सकाळी उठणारे कोण हे निघायच्या आधी उघड बोला. आम्ही दोन मुली तीन मुलं होतो, खोल्या कशा घ्यायच्या ते पहिल्याच ट्रिपला मोकळेपणी ठरवलं म्हणून साताऱ्याला आईचा फोन आला की मला काही लपवावं लागलं नाही. पैसे सगळे स्प्लिटवाइज या खर्च वाटायच्या ॲपवर, आणि नियम एकच, रविवारी परतीच्या गाडीत स्टेशन यायच्या आत हिशोब मिटवायचा. "नंतर देतो" म्हणणारा एक असतोच, त्याला दोनदा संधी दे, तिसऱ्यांदा बोलवू नको. आणि आयत्या वेळी रद्द करणाऱ्याने आपल्या वाट्याचे पैसे द्यायचेच, ताप असला तरी. हे कठोर वाटेल, पण याच एका मुद्द्यावर आमचा एक मित्र कायमचा तुटला आणि तेव्हा नियम नव्हता, म्हणून चूक कुणाची हेही आजतागायत ठरलेलं नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर महिन्यातून दोन वीकेंड, त्यातला एक सकाळी जाऊन रात्री परत असा, एवढं आरामात झेपतं. परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे घरात. जाणार असशील तर किराणा शुक्रवारीच भर, नाहीतर रविवारी रात्री दहाला येशील आणि घरात एक कांदा असेल.

पहिली ट्रिप ट्रीबर्गलाच ठेव, ऑक्टोबरमध्ये झाडं पिवळी-लाल झालेली असतात, धबधबा सात टप्प्यांत मिळून १६३ मीटर उतरतो, आत जायला थोडे पैसे पडतात, स्टेशनपासून गावात चालत चढ आहे तेव्हा बूट नीट घाल. टोर्टिया मिळतात त्या तव्यावर तूप लावून भाजल्या की पोळीची तहान भागते, त्यात शेंगदाण्याची चटणी, सुकी असते, बॅगेत सांडत नाही. स्वतःपुरत्या चार आणि वर दोन जास्तीच्या घे, एक जण डबा विसरतोच.