कूलर बंद करून ऐकायचा गायक

मागच्या अंकात मी जॉनी हार्टमन नावाच्या अमेरिकन जाझ गायकाबद्दल आणि सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनसोबतच्या त्याच्या १९६३ च्या रेकॉर्डबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यातली चार इथे घेतो, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : काका, नमस्कार. बाबांच्या कपाटात एक साठ मिनिटांची कॅसेट सापडली, एका बाजूला वसंतराव देशपांडे आणि दुसऱ्या बाजूला पेनाने नुसतं 'हार्टमन, कोल्ट्रेन' लिहिलेलं. तुमचा लेख वाचून लावली तर आवाज इतका जाडा की वाटलं हा माणूस विहिरीतून गाऊन राहिला. खरंच असा आवाज आहे का? आणि शेवटचं गाणं मधेच तुटते. पेन ड्राइव्हवर करायला एका दुकानात दिली होती, त्याने पैसे घेतले आणि 'कॅसेट अशीच आहे' म्हणून परत दिली. (मनीषनगर)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा, वसंतराव आणि हार्टमन एकाच कॅसेटवर ठेवणारा माणूस मला भेटायला आवडेल.

आधी आवाजाचं बघू. हार्टमन बॅरिटोन होता, म्हणजे खर्जाकडचा भरीव आवाज, पण विहिरीतून नाही. मला तुमच्या डेकचा बेल्ट ढिला झाल्याचा संशय आहे. जुन्या डेकमध्ये रबरी बेल्ट असतो, तो वर्षानुवर्षं पडून ताणला जातो, मग टेप हळू फिरते आणि हळू फिरली की सूरही खाली उतरतो. तपासायला सोपं आहे. त्या रेकॉर्डचं तिसरं गाणं, 'माय वन अँड ओन्ली लव्ह', मोबाइलवर लावा, पाच मिनिटांना पाचेक सेकंद कमी भरेल. मग तेच कॅसेटवर घड्याळ लावून ऐका. सव्वापाच मिनिटांच्या आसपास गेलं तर तुमचा हार्टमन साधारण अर्धा स्वर, म्हणजे हार्मोनियमची एक पट्टी, खाली गाऊन राहिला आहे. बेल्ट बदलला की माणूस विहिरीतून वर येईल. दुकानदाराला हे कळायला पाहिजे होतं, पण जाऊ द्या.

आता तुटलेलं गाणं. ते दुकानदाराचं पाप नाही आणि बाबांचंही नाही. पूर्ण रेकॉर्ड एकतीस मिनिटांच्या आसपास आहे आणि साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. टेप थोडी जास्तीची असते हे खरं, पण बाबांनी एलपीवरून भरली असेल तर मधे रेकॉर्ड उलटायला गेलेला वेळही त्यातच गेला. म्हणून सहावं गाणं, 'ऑटम सेरेनेड', स्टेशन यायच्या आधीच उतरून जाते.

प्रश्न : मी म्युझिक शिकतो, ऑनलाइन तुम्ही सांगितलेलं ऐकलं. खरं सांगू का, फार स्लो आहे. आणि हीच गाणी सिनात्रानेही गायली, नॅट किंग कोलनेही गायली, सगळेच गातात. नवीन काय आहे यात? याला जाझ काऊन म्हणायचं? (इतवारी)

उत्तर : राजा, तू विचारलंस तेच मीही विशीत विचारलं होतं, फक्त विचारायला कोणी नव्हतं.

सगळेच गातात अशा या गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात, ते काय ते आपल्या भाषेत सांगतो. अमेरिकेत साधारण १९२० ते १९५० च्या काळात न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेच्या नाटकांसाठी आणि सिनेमांसाठी ढिगाने गाणी लिहिली गेली. नाटकं विसरली गेली, गाणी उरली. आपल्याकडे नाट्यसंगीताचं झालं तेच. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ चं नाटक, ते रंगमंचावर पाहिलेले किती लोक उरले, पण त्यातलं पद मैफलीत सुरू झालं की हॉलमधले अर्धे लोक मान हलवतात. सिव्हिल लाइन्सच्या ज्या सभागृहाला वसंतरावांचं नाव आहे तिथेच बसून मी हे अनुभवलंय. तेव्हा कोणी विचारते का की हे पद तर वसंतरावांनी गायलं, तू काऊन गातो? नाही विचारत, कारण बंदिश तीच असते आणि आपण ऐकायला बसतो ती गाणाऱ्याची जागा.

स्टँडर्डचा साचाही ओळखीचा वाटेल. बरीचशी बत्तीस बारची असतात (बार म्हणजे ठोक्यांचं एक छोटं आवर्तन), म्हणजे आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा साधारण एका चालीचे, तिसरा वेगळा, त्याला ते ब्रिज म्हणतात. मुखडा, परत मुखडा, अंतरा आणि पुन्हा मुखड्यावर येणं, असं धर ढोबळमानाने. 'माय वन अँड ओन्ली लव्ह' अगदी या साच्यातलं आहे. 'लश लाइफ' मात्र नाही, ते बिली स्ट्रेहॉर्नने पोरवयात लिहायला घेतलं आणि त्याची सुरुवातच इतकी लांब आणि वळणाची की भलेभले घसरतात.

आता हार्टमन काय करतो ते ऐक. त्या रेकॉर्डवर 'माय वन अँड ओन्ली लव्ह'चा पहिला फेरा पूर्ण जॉन कोल्ट्रेनच सॅक्सोफोनवर वाजवतो. जवळजवळ दोन मिनिटं गायक गप्प. मग हार्टमन येतो आणि पहिला शब्द ठोक्यावर टाकतच नाही, किंचित मागे रेलून टाकतो, जसं कोणी आरामखुर्चीत बसता बसता बोलायला लागावं. खाली ड्रमवर एल्विन जोन्स ब्रश फिरवून राहिला, मॅकॉय टायनरचा पियानो, जिमी गॅरिसनचा बास, यांची लय पक्की आणि हा तिच्या मागेपुढे. तान नाही, हरकतींचा पाऊस नाही. ओळीच्या शेवटचा स्वर आधी सरळ धरतो आणि सोडता सोडता त्याला थोडा कंप देतो. एवढंच. तुला जे स्लो वाटलं ना, ते मला वाटते तू दर सेकंदाला काहीतरी घडायची वाट पाहून राहिला म्हणून. 'लश लाइफ'मध्ये सुरुवातीला तर नुसता पियानो आणि तो, ठेकाच नाही. तिथे शब्द कुठे टाकायचा हे त्याने एकट्याने ठरवलंय. जाझ फक्त धावण्यात नसते भाऊ, सुरेश भटांचा शेर वाचताना कुठे थांबायचं हे ज्याला कळते त्याला हेही कळेल.

एक किस्सा सांगतो, तो हार्टमननेच सांगितलेला. ७ मार्च १९६३ ला न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत जाताना गाडीच्या रेडिओवर नॅट किंग कोलचं 'लश लाइफ' लागलं आणि यांनी तिथेच ठरवलं की हे घ्यायचं. म्हणजे ज्याच्याशी तू तुलना करून राहिला त्याचंच ऐकून, त्याच दिवशी गायले! दोन्ही लागोपाठ ऐक आणि मला लिही. कोलचं मलाही आवडते, पण रात्री दोन वाजता मी हार्टमनचंच लावतो.

प्रश्न : एवढा चांगला होता तर त्याचं नाव का झालं नाही? आणि या एका रेकॉर्डशिवाय काय ऐकावं? (धरमपेठ)

उत्तर : ताई, याचं एकच कारण सांगता येत नाही. १९४० च्या दशकात अर्ल हाइन्स आणि डिझी गिलेस्पी यांच्या बँडमध्ये गाऊन तो पुढे आला, पहिली एलपी 'साँग्ज फ्रॉम द हार्ट' १९५५ ला एका छोट्या कंपनीकडून आली. जाझवाल्यांना तो हळुवार गाणी गाणारा वाटायचा आणि हळुवार गाणी ऐकणाऱ्यांकडे आधीच सिनात्रा होता. आमच्या गल्लीत याला ना घर का ना घाट का म्हणतात. त्यात कोल्ट्रेनसोबतची रेकॉर्ड आली १९६३ ला आणि पुढच्याच वर्षी बीटल्स अमेरिकेत उतरले, मग अशा गाण्याला कोण विचारते. शिवाय त्या रेकॉर्डवर कोल्ट्रेनचं नाव इतकं मोठं, की लोक ती कोल्ट्रेनची म्हणूनच विकत घ्यायचे. माझ्या मते तिथेच त्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला.

आधी 'आय जस्ट ड्रॉप्ड बाय टू से हॅलो' घ्या, तेही १९६३ चंच. मग १९८० चं 'वन्स इन एव्हरी लाइफ', त्याला ग्रॅमीचं नामांकन होतं. तिथे आवाज वयाने थोडा खरखरीत झालाय आणि मला तो जास्त भावतो. १९८३ ला, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला. गंमत म्हणजे १९९५ मध्ये क्लिंट ईस्टवूडने 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' सिनेमात 'वन्स इन एव्हरी लाइफ'मधलीच चार गाणी वापरली आणि बारा वर्षांनी लोक दुकानात जाऊन विचारायला लागले, हा कोण गाऊन राहिला?

त्याच सिनेमात आयरीन क्रॅल नावाच्या बाईचंही गाणं आहे, ती तर याहूनही दुर्लक्षित. १९७८ ला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. तिचं 'व्हेअर इज लव्ह?' ऐका, नुसता पियानो आणि ती. तिच्यावर पुढे कधी वेगळं लिहीन.

प्रश्न : इंग्रजी शब्द सगळे समजत नाहीत, तरी ऐकू का? (नंदनवन)

उत्तर : ऐका. ठुमरीतली ब्रज तरी कुठे सगळी समजते आपल्याला. फक्त एक करा, मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसून ऐकू नका. आपल्या कूलरच्या घरघरीत पहिले काय बुडत असेल तर ते ड्रमवरचे ब्रश आणि ओळ संपतानाचा त्याचा श्वास, आणि मग उरते ते खरंच स्लो. रात्री अकरानंतर कूलर पाच मिनिटं बंद करा, घाम येईल, येऊ द्या. गाणंही पाच मिनिटांचंच आहे.