सप्ताहातली पंगत घरावर आली: 400 पानांचा हिशेब

प्रश्न: पुण्याहून निफाड तालुक्यातल्या सासरच्या गावी कायमचे राहायला आलो आहोत. चैत्रातल्या सप्ताहात एका संध्याकाळची पंगत आमच्या घराकडे आली आहे. 400 माणसं होतील म्हणतात. सासूबाईंना आता उभं राहवत नाही, आणि मला दहा माणसांपलीकडचा अंदाज नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, किराण्याची यादी नंतर करा. आधी मंदिराच्या कोठीवर जा आणि मागच्या वर्षी त्या दिवशी किती पत्रावळी लागल्या ते विचारा. माणसांचा अंदाज गावात प्रत्येकजण वेगळा सांगतो, पत्रावळीचा आकडा मात्र खोटं बोलत नाही. सप्ताह बसल्यावर तुमच्या आदल्या दोन दिवसांचे आकडेही घ्या. त्या रात्रीचा कीर्तनकार नावाजलेला असेल तर शेजारच्या वस्त्यांवरून माणूस येतो, अशा वेळी दीडपट धरा. आणि 'चूलबंद' आवतण आहे का, तेही विचारा. चूलबंद म्हणजे त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल पेटणार नाही, म्हाताऱ्यांसाठी घरी डबे जाणार. ते डबे कुणी मोजत नाही, आणि शेवटच्या पंगतीला भात तिथेच कमी पडतो.

तिथीही पाहून ठेवा. रामनवमीला बसून हनुमान जयंतीला उठणारा सप्ताह असेल आणि तिथीची घटवाढ नसेल, तर तिसऱ्या दिवशी कामदा एकादशी येते. तो दिवस तुमचा असेल तर पुढचा सगळा हिशेब बाजूला. मग साबुदाणा 28 ते 30 किलो, शेंगदाण्याचा कूट 13 किलोच्या आसपास. भगर करायची असेल तर बंद पाकिटातलीच घ्या. सुटी भगर आणि दळून ठेवलेलं भगरीचं पीठ यांना ओल लागली की बुरशी धरते, आणि उपासाच्या दिवशी गावभर उलट्या-चक्कर होतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

साधा दिवस असेल तर बेत गावाचाच ठेवा: पोळी, वांगी-बटाट्याची भाजी, आमटी, भात, आणि गोडाला बुंदी. पनीर, जिरा राईस वगैरे डोक्यातून काढून टाका. खर्च वाढतो आणि माळकरी मंडळी हात आखडता घेतात. कांदा-लसूण चालतो का, हे कमिटीला विचारूनच ठरवा. कांद्याच्या तालुक्यात हा प्रश्न विचित्र वाटेल, पण बऱ्याच गावांत सप्ताहाचे सात दिवस वर्ज्य असतो.

400 पानांना तूरडाळ 14 किलो, तांदूळ 28 ते 30 किलो, बटाटे-वांगी मिळून 45 किलो, तेल 6 लिटर, काळा मसाला 1 किलो, गूळ 1 किलो, मीठ सगळ्यात मिळून अडीच-तीन किलो. मीठ एकदम ओतू नका. दोन तृतीयांश टाकून चव घ्या, बाकीचं उकळी आल्यावर. बुंदी हलवायाकडून 25 किलो आदल्या दिवशीच आणून ठेवा, ती टिकते. शिरा स्वस्त पडतो, पण ऐन गर्दीत एक शेगडी आणि एक माणूस अडकवून ठेवतो. तांदूळ कोलम घ्या. इगतपुरीकडचा इंद्रायणी घरी सुरेख लागतो, पंगतीला मात्र पातेल्यात चिकटून त्याचे गोळे होतात.

पोळ्यांसाठी आचारी लावू नका. माणशी तीन म्हणजे 1200 पोळ्या. किलोभर कणकेच्या साधारण 30 होतात, म्हणजे 40 घरांनी एकेक किलोच्या केल्या की काम झालं. सिन्नर तालुक्यात शहा-पंचाळे इथे 2024 साली झालेला गंगागिरी महाराजांचा सप्ताह लाखोंचा, तरी त्यातली भाकरी गावोगावच्या चुलींवरूनच येते, आमटी तेवढी जागेवर शिजते. सांगायला मात्र स्वतः जा. भोंग्यावरून पुकारलेल्या पोळ्या निम्म्याच येतात. चैत्रात उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते, बाया दिवसभर वावरात असतात. म्हणून तीन दिवस आधी सासूबाईंना घेऊन दारोदार फिरा. त्यांना उभं राहवत नसेल तर ओट्यावर बसून बोलू द्या. कुणाच्या घरी मागच्या वर्षी आपण काय नेऊन दिलं, कुणाकडे सुतक आहे, कुणाला आधी विचारलं नाही तर राग येतो, हे त्यांनाच ठाऊक आहे. तुमच्या घरातलं त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम खरं तर तेच. पोळ्या साडेपाचपर्यंत मंदिरात हव्यात असं सांगा म्हणजे सहापर्यंत येतील. तव्यावरून काढलेल्या पोळ्या लगेच रचून झाकल्या की वाफ धरून खालच्या ओल्या होतात. आधी सुटी पसरून निववायची, मग कापड घातलेल्या डालीत.

आता आमटी. मोठ्या स्वयंपाकात बिघडते ती हीच. 14 किलोची साधारण 80-85 लिटर होते. ती एका पातेल्यात न करता 50 लिटरच्या दोन पातेल्यांत करा, म्हणजे एकाला बूड लागलं तरी दुसरं हाताशी राहतं. डाळ तासभर भिजवून, हळद आणि दोन पळ्या तेल घालून शिजायला टाका. टोमॅटो, चिंच, मीठ यांतलं काहीही डाळ पूर्ण मऊ होईपर्यंत घालायचं नाही, आंबट पडलं की दाणा अडतो. बोअरच्या जड पाण्यानेही डाळ हटून बसते, टँकरचं किंवा विहिरीचं गोडं पाणी मिळालं तर ते वापरा. मध्ये पाणी लागलं तर उकळतंच घाला. घोटून झाल्यावर तळ सारखा लागतो, तेव्हा लांब दांड्याचा सराटा घेऊन एक माणूस तिथेच उभा हवा. आणि लागलंच, तर ढवळू नका, तळ खरवडू नका. आच बंद करून वरवरची आमटी अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा. वास खालीच राहतो. ढवळलं की सगळ्या आमटीला लागतो, मग कितीही मसाला घाला, झाकत नाही.

भात दहा-दहा किलोच्या तीन हप्त्यांत. पहिला पंगतीच्या आधी, दुसरा पहिली पंगत बसल्यावर. तिसरा टाकायच्या आधी मंडपाबाहेर किती माणूस उभा आहे ते बघा, बऱ्याचदा तो टाकावाच लागत नाही.

हरिपाठ सहाला संपतो असं धरलं तर भट्टी अडीचला पेटायला हवी. गॅसच्या 19 किलोच्या टाक्या दोन ठेवा, एक जोडलेली, एक राखीव. प्यायचं पाणी 400 लिटर, तेही उन्हाळा म्हणून.

मंडपात एका वेळी 100 पानं बसत असतील तर चार पंगती, प्रत्येकी 25 मिनिटं. म्हणजे पावणेदोन तास, आणि तोवर कीर्तन उभं राहायची वेळ. वाढपी किमान बारा हवेत: पोळी, भाजी, भात आणि आमटीला दोन-दोन, पाण्याला दोन, मीठ-लोणच्याला एक, बुंदीला एक. तुमच्या घरची माणसं वाढायला असावीत, लोक तेच बघतात. पहिल्या पंगतीला टाळकरी, मुलं, म्हातारी माणसं. दुसऱ्या पंगतीत एक रांग बायांसाठी ठेवा, हे मी आग्रहाने सांगते. ज्यांनी दिवसभर कांदा काढून वर पोळ्या लाटल्या, त्यांच्या वाट्याला रात्री दहाला पाणी घातलेली आमटी येणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि पंगत तुमची असेल तर मोडणं तुमच्या हातात आहे.

एक पान मात्र पहिल्या पंगतीच्याही आधी वाढून झाकून ठेवा. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, त्यामुळे पहाऱ्याला उभा असलेला विणेकरी पंगतीला येऊ शकत नाही. त्याची पाळी बदलली की तो जेवायला येतो, तेव्हा कढया रिकाम्या असतात.

उरलेली आमटी रात्रभर ठेवू नका, चैत्रात सकाळपर्यंत आंबते. त्याच रात्री वस्तीवर, मजुरांच्या झोपड्यांवर पोचवा. भात गुरांना घालायचा तर ओंजळ-दोन ओंजळच. घमेलंभर घातला की पोट फुगतं आणि सकाळी जनावरांचा डॉक्टर शोधावा लागतो. पत्रावळी पळसाच्या किंवा कागदाच्या घ्या. थर्माकोलला राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि उकिरड्यावर गेलेला थर्माकोल गुरं चघळतात.

भांडी मंदिराचीच असतील. नेताना झारे, पळ्या, बादल्या मोजून लिहून घ्या आणि घासून मोजूनच परत करा. दुसऱ्या दिवशी पंगत असलेल्या घराला ती पहाटेच लागतात.